व्हिसाच्या फॉर्ममधली आई

माझं दुकान पिपरी मेघेत आहे, रोडला लागून. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन आणि बाहेर पाटी : सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. जातीचा दाखला, स्कॉलरशिप, पीकविमा, आधारमधली दुरुस्ती, रेशनकार्डात नाव चढवणं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. झालो. बी.ए.ला आता कोण विचारतं, असं लोक तोंडावर म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या बाबांनी एस.टी. चालवण्यात आयुष्य काढलं आणि ऑफिसातून आलेला प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला. मी तो कागद स्वतः वाचतो आणि चारशे घरांना वाचून दाखवतो. त्यामुळे फॉर्मच्या बाबतीत मला कोणी शिकवायला आलेलं आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते बरंचसं याच्यामुळेच झालं.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली. जावई सॉफ्टवेअरमध्ये. फाल्गुनात तिचा फोन आला की दिवस गेलेत, पोळ्याच्या आसपासची तारीख दिली आहे. तिला सासू नाही, नणंद नाही. जावयाला दोन आठवड्यांची सुट्टी मिळणार होती, त्यापुढे घरात ती आणि तान्हं लेकरू, बस.

"भाऊ, आईले पाठव," ती म्हणाली. "डॉक्टर चांगले हायेत, सगळं हाये. पण मले आई पाहिजे."

आई शेजारीच उभी होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "मी येतो. तू काऊन रडून राह्यली? तारीख सांग नीट."

आता आईबद्दल सांगायला हवं. आई बाळंतिणींची मालीश करते आणि तान्ह्या लेकरांना आंघोळ घालते. तीस वर्षं झाली. सकाळी सहाला निघते, तीन-चार घरं करून अकराला परत येते. पाटावर बसून पाय लांब करायचे, लेकरू पायांवर पालथं घ्यायचं, तेल, मग बेसन-हळद, मग कडकडीत पाणी. आमच्या वस्तीतल्या अर्ध्या पोट्ट्यांची पहिली आंघोळ तिच्या पायांवर झाली आहे. रस्त्यात मिशा फुटलेला पोरगा दिसला की ती बिनधास्त म्हणते, "याची टाळू भरता भरत नव्हती." पोरगा लाजून पळतो.

तर, आईचा पासपोर्ट काढला. मग व्हिसा. मी दोन दिवस बसून सगळं वाचलं. कामाचा व्हिसा वेगळा, शिक्षणाचा वेगळा, आणि आपल्यासारख्यांना लागतो तो भेटीचा : फिरायला, नातेवाइकांकडे, उपचाराला. त्यावर जाऊन तिकडे काम करायचं नाही, आणि परत यायचं. परत येणार हे त्यांना पटलं पाहिजे. पटवायचं कोणी, तर जाणाऱ्यानं, खिडकीपाशी उभं राहून, दोन-तीन मिनिटांत.

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड मास्तर आहेत. त्यांचा मुलगा तिकडेच असतो, ते स्वतः दोनदा जाऊन आले. दुकानात येऊन खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाळंतपणाचं नाव काढू नका. बाळंतपण म्हटलं की त्यांना वाटतं, बाई आया म्हणून राबायला चालली. सरळ फिरायला म्हणा. धबधबा पाहायचा आहे म्हणा."

मला शिकवलेलं आवडत नाही असं मी वर म्हटलं. पण हे मला पटलं. खरं सांगायचं तर सोयीचं वाटलं. फॉर्ममध्ये मी भेटीचं कारण लिहिलं पर्यटन. आणि त्याच्या आधी एक रकाना होता, व्यवसायाचा. तिथे मी लिहिलं गृहिणी.

तो शब्द लिहिताना मी एक क्षणही थांबलो नाही. बारावीच्या फॉर्मपासून तेच लिहीत आलो होतो. अकरावीला वर्गात एका पोरानं विचारलं होतं, "तुझी आई ती मालीशवाली का रे, आमच्या वहिनीकडे येते ती?" मी म्हटलं होतं, "नाही, ती दुसरी." त्या दिवसापासून कागदावर ती गृहिणीच.

मुलाखतीची तारीख जूनची मिळाली, मुंबईला. महिनाभर मी आईची उजळणी घेतली.

"कायले चालली?"

"फिरायले."

"काय पाहणार?"

"धबधबा."

"अन् अजून?"

"अजून काय. पाणी पडते ते पाहीन, काय पाहीन अजून."

बाबा ओट्यावर कूलरसमोर बसून ऐकत. "बोर धरणावर कधी नेली नाई मी हिले," ते म्हणाले, "अन् हे अमेरिकेचं पाणी पाहाले चालली. त्या साहेबाले हसू येईन."

आई उत्तरं पाठ करायची, पण तिच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. दुसऱ्याच्या घरून उसनं आणलेलं भांडं हातात धरावं तशी ती तो "फिरायले" धरून असायची. मला वाटलं, सवयीनं होईल.

मुंबईत पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो. आई आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. मी दोनदा गेटपर्यंत जाऊन पाहिलं. बाहेर आली ती हसत.

"माहे बोटंच उमटत नाईत म्हणे. त्या पोरीनं चार-पाच बार दाबले. म्हणे, मावशी, कोणतं काम करता? म्या म्हणलं, बेसनानं आन् गरम पाण्यानं गेलं घासून. तिले सांगतलं सगळं. तिले पण सातवा सुरू हाये, तिनंच विचारलं मंग, कंबर दुखते, काय करू."

"तू तिले कामाचं सांगतलं?"

"तिनं विचारलं, मी सांगतलं. ती काय साहेब होती?"

दुसऱ्या दिवशी मुलाखत. आत मोबाइल नाही, पिशवी नाही, सोबत कोणी नाही. फक्त कागदांची प्लास्टिकची फाइल. आई रांगेत लागली, पदर सारखा करत. मी समोरच्या फुटपाथवर उभा. चहा घेतला, अर्धा टाकला. लोक बाहेर येत होते आणि मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. मला कळलं होतं की ज्याचा पासपोर्ट आत ठेवून घेतात त्याचं काम झालं. ज्याच्या हातात तो परत आला, त्याचं नाही.

आई आली. तिच्या हातात पासपोर्ट होता.

"झालं बापा," ती म्हणाली. "मस्त बोलला बिचारा. गोरा होता, पण बाजूले एक मराठी बोलणारी बाई होती. शेवटी पासपोर्टबी परत देल्ला, हरवला नाई काही नाई. आन् हा एक कागद देल्ला."

मी कागद वाचला. इंग्रजीत होता आणि छापील होता. नाव कोणाचंही घाला असा. तुम्ही परत जाल याची आम्हाला खात्री पटलेली नाही, एवढंच त्याचं सार.

तिला सांगायला मला थोडा वेळ लागला. स्टेशनकडे जायच्या रस्त्यात एका बाकावर बसून मी तिच्याकडून एकेक शब्द काढून घेतला.

"त्यानं पहिले काय विचारलं?"

"कायले चालली. मी म्हणलं, फिरायले."

"मंग?"

"मंग म्हणे, पोरगी काय करते? मी म्हणलं, घरी हाये, आता सातवा सुरू हाये. तो म्हणे, अस्सं, आन् तुम्ही फिरायले जाऊन राह्यल्या? मले लाज वाटली. पोरगी अवघडलेली आन् माय धबधबा पाहाले चालली. त्या माणसाले का वाटलं असन माह्याबद्दल? मी म्हणलं, फिरायले नाई साहेब. मी कामाले चालली. बाळंतपण, मालीश, आंघोळ, सगळं माहं कामच हाये ते. तीस वर्षं झाले. मंग त्यानं त्या टीव्हीत पाह्यलं आन् म्हणे, इथं तं घरी असते म्हणून लिहिलं हाये."

"तू काय म्हणली?"

"म्हणलं, पोरानं लिहिलं असन."

कामाचा व्हिसा नसताना कामाला चाललोय असं तिनं सांगितलं, आणि ती खरं बोलली. फॉर्ममध्ये दोन खोट्या गोष्टी होत्या आणि दोन्ही माझ्या हातच्या. तरी चिडलो मी तिच्यावरच. "तुले एवढं सांगतलं होतं," म्हणालो. ती म्हणाली, "हो बाबू, चुकलंच माहं." आणि गाडीत बसल्यावर डब्यातल्या अर्ध्या पोळ्या माझ्यापुढे सरकवल्या.

घरी आल्यावर बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी गाडी चालवली. पाटीवर आर्वी लिहाचं आन् गाडी समुद्रपूरले न्याची, असं कधी केलं नाई. पाशिंजर उतरून मारते."

बहिणीला फोन मी केला. ती रडली नाही, त्यानंच मला जास्त त्रास झाला. म्हणाली, "ठीक हाये भाऊ. जमवतो आम्ही. इथं बाया मिळतात कामाले, महाग हायेत, पण पाहू." मग म्हणाली, "तू आईचं काय लिहिलं होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मी पण माह्या कॉलेजात तेच लिवत होती."

पुन्हा अर्ज करता येतो. फी पुन्हा, फॉर्म पुन्हा, तारीख पुन्हा. तारीख मिळाली ती पोळ्यानंतर दोन महिन्यांची. तोवर लेकरू मान धरायला लागलं असतं. आधीच्या तारखा मध्येच मोकळ्या होतात, कोणी रद्द केली की. त्या धरायच्या असतात. मी दुकानात येणाऱ्याचा फॉर्म एका कॉम्प्युटरवर भरायचो आणि दुसऱ्यावर ती वेबसाइट उघडी ठेवायचो. दर पाच मिनिटांनी बघायचो. गिऱ्हाईक आधार नंबर सांगायचं, मी निम्म्यावर म्हणायचो, "थांबा एक मिनिट," आणि तिकडे वळायचो. चौथ्या दिवशी साइटनं मला बाहेर काढलं. वारंवार बघितल्यामुळे तुमचं खातं तीन दिवस बंद. त्या तीन दिवसांत मी काय करत होतो ते मला आठवत नाही. जेवायला बसलो की उठायचो. एका बाईच्या रेशनकार्डात तिच्या सुनेऐवजी तिचंच नाव दुसऱ्यांदा चढवलं. ती म्हणाली, "भाऊ, धान्य दुप्पट देतीन काय मंग?"

त्याच दिवसांत मी नवीन फॉर्म भरला. या वेळी आईला शेजारी बसवलं आणि एकेक रकाना तिला वाचून दाखवला. व्यवसायाशी आलो.

"इथं मागच्या बारी का होतं?" तिनं विचारलं.

"गृहिणी."

"म्हंजे?"

"घरचं काम करणारी."

"आन् मी लोकायच्या घरी जातो ते?"

"ते लिहिलं नव्हतं."

"काऊन?"

मी म्हणालो, "मले वाटलं, ते सांगण्यासारखं नाई."

आई रागावली नाही. म्हणाली, "तुही फी त्याच्यातूनच भरली, बाबू." आणि मग, जणू काही बोललीच नाही अशी, "लिही आता. नीट लिही."

लिहायला बसलो तर इंग्रजी शब्द सापडेना. बी.ए.ला असं काही शिकवत नाहीत. डिक्शनरीत सापडले ते शब्द एक तर दवाखान्याचे होते, नाही तर ब्युटी पार्लरचे. शेवटी साधं वाक्य लिहिलं : बाळंतिणींना आणि नवजात बाळांना तेल लावून आंघोळ घालते, तीस वर्षे, पिपरी मेघे. भेटीचं कारण : मुलीचं बाळंतपण, मुलीजवळ राहणे. मास्तर म्हणाले, "बुडवणार तुम्ही." मी म्हटलं, "मास्तर, एकदा बुडलो, आता पाणी किती ते माहीत आहे."

त्यात धोका होता आणि तो मला समजत होता. काम हा शब्द पुन्हा आला तर पुन्हा तोच कागद. मी आईला एकच गोष्ट विचारली. "तिथं कोणी विचारलं, पैसे घेणार काय, तं?"

"कोणाकडून?"

"पोरीकडून."

ती उठलीच. "पोरीकडून पैसे? हे इचारतात ते लोक?" मी म्हटलं, विचारतील. ती म्हणाली, "मंग मीच इचारीन त्यायले, तुमची माय घेते काय."

खातं उघडलं त्या दुपारी एक तारीख दिसली. पोळ्याच्या तीन आठवडे आधीची. माझा हात इतका घाईत गेला की पहिल्यांदा चुकीच्या ठिकाणी दाबलं. दुसऱ्यांदा लागली. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला मी चहा पाजला. का, ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या वेळी खिडकीत बाई होती. आईनं नंतर सांगितलं तसं लिहितो. बाईनं विचारलं, हे काम तुम्ही तिकडे करणार का? आई म्हणाली, "माह्या पोरीच्या लेकराचं करन. बाकी तिथं मले ओळखते कोण?" कधी परत येणार? आई म्हणाली, "तीन महिन्यांत. आमच्या गल्लीत दोघी हायेत, दिवाळीनंतरच्या. त्यायले शब्द देल्ला हाये. त्यातली एक पह्यलटकरीन हाये, घाबरते." बाजूच्या दुभाषी मुलीला पहिलटकरीण म्हणजे काय ते बाईला समजावून सांगायला जरा वेळ लागला म्हणे. मग बाईनं विचारलं, आतापर्यंत किती बाळं? आई म्हणाली, "मोजले नाईत."

फुटपाथवर मी तिच्या हाताकडे बघितलं. हातात फक्त फाइल होती.

पुढचं सगळं घाईत झालं. व्हिसा लागून पासपोर्ट आला. तिकीट, नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून पुढे. मी पुन्हा वाचत बसलो, आणि वाचलं ते असं : व्हिसा म्हणजे आत जायची परवानगी नव्हे, दारापर्यंत जायची. आत घ्यायचं की नाही ते तिथल्या विमानतळावरचा माणूस ठरवतो. हे मी आईला सांगितलं नाही. एका कार्डावर इंग्रजीत लिहून दिलं की मला इंग्रजी येत नाही, मी मुलीच्या बाळंतपणाला आले आहे, जावई बाहेर उभा आहे, हा त्याचा नंबर. डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशेपा, प्रत्येक पुडीवर इंग्रजी नाव चिकटवलं. बाबा म्हणाले, "आता हिच्या कपाळावरबी एक चिकटव."

ती विमानात असताना जावयाचा मेसेज आला. बहिणीला कळा सुरू झाल्या, पोळा चार दिवसांवर असताना. दवाखान्यात नेलं. आईला कळवायचं कसं? आई समुद्रावर कुठेतरी, बेल्ट बांधून. मी दुकान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. बाबा दोनदा चालत दुकानापर्यंत आले, काही न विचारता परत गेले. साडेचारला मेसेज : मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आन् ही?"

ही उतरायची होती आपल्याकडच्या सहाला. सहा वाजले, साडेसहा झाले. सात. त्या तासात मी तिला डोळ्यांपुढे रांगेत उभी पाहिली, त्या माणसासमोर, बोटं उमटत नाहीत, तो पुन्हा दाबायला लावतोय. जावयानं मित्राला पाठवलं होतं तिला घ्यायला. त्याचाही फोन लागेना. दुकानात स्कॉलरशिपवाली दोन पोरं बसली होती, त्यांना म्हटलं, "उद्या या." ती गेली नाहीत. मागे नंबर लावून चारजण उभे होतेच.

साडेआठला आईचा व्हिडिओ कॉल आला. ती दवाखान्याच्या खोलीत होती. बहीण झोपलेली, जावई खाली गाडीतून पिशवी आणायला गेलेला. आईच्या मागे एक नर्स उभी होती.

"पोहोचली," ती म्हणाली. "उशीर झाला मले, बाबू. लेकरू आधीच आलं."

"हो, समजलं."

"पण आंघोळ राह्यली हाये. इथं लगेच घालत नाईत म्हणे, उद्या सकाळी घालतात. ही घालणार हाये," तिनं फोन नर्सकडे फिरवला. "तू बोल हिच्याशी. जावई येईस्तोवर ही निघून जाईन."

"काय बोलू?"

"मी कोण हाये ते सांग."

स्कॉलरशिपची पोरं माझ्याकडे बघत होती, दारातली माणसंही. मी इंग्रजीत बोललो, आमच्या इंग्रजीत, मोठ्यानं. ही माझी आई. हा तिचा व्यवसाय आहे. तीस वर्षं ती नवजात बाळांना आंघोळ घालते. उद्या तिला घालू द्याल का? दारातल्या एका माणसाला इंग्रजी कळत असावं, तो बाजूच्याला हळू आवाजात सांगत होता.

नर्सनं ऐकून घेतलं. म्हणाली, आधी विचारावं लागेल, पण बहुतेक हरकत नसावी. मी जवळ उभी राहीन. पाणी किती गरम लागतं त्यांना?

मी आईला विचारलं.

"तिले म्हण," आई म्हणाली, "मी कोपर बुडवून पाहतो. आन् एक पाट पाहिजे."

मी तसंच सांगितलं. पाट म्हणजे काय, हे समजावायला फार वेळ लागला.